एका भक्ताचा देव

ओम हा देव तीन वर्षांपूर्वी भूमीवर अवतरला, तेव्हा बैल वगैरे काहीतरी रुबाबदार रूप घ्यायचं असा त्याचा बेत होता. झालं कासव. तेही आपण देव आहोत हे विसरलेलं, पाला शोधत भटकणारं साधं कासव. मग एके दिवशी एका गरुडानं त्याला उचललं. गरुड कासवं उचलतात ती उंचावरून खडकावर टाकून कवच फोडण्यासाठी. देवाचं दैव बलवत्तर, की खाली खडकाऐवजी एका मठाच्या बागेतला खताचा ढीग होता आणि जवळच खरबुजांच्या ओळीतलं तण काढणारा एक थोराड, मंद समजला जाणारा पोरगा. त्या पोराच्या आसपास येताच कासवाची स्मृती लख्ख जागी झाली आणि त्यानं जो तोंडाचा पट्टा सोडला तो शिव्यांचाच. पोरगा घाबरला. डोक्यात बोलणारे आवाज बहुतेक सैतानाचेच असतात, असं मठात पढवलेलं. म्हणजे देव गळा काढून ओरडतोय, आणि भक्त त्याच देवाच्या धाकानं कानांत बोटं घालून उभा.

टेरी प्रॅचेटच्या ‘स्मॉल गॉड्स’ या कादंबरीतला हा सुरुवातीचा प्रसंग. पुस्तक 1992 सालचं. प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत 1983 ते 2015 या काळात 41 कादंबऱ्या आल्या, त्यातली ही तेरावी. हे जग ताटासारखं चपटं आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर पेललेलं आहे, आणि ते हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कासव अवकाशातून संथपणे पोहत चाललंय. हे वाचून इंग्रज वाचकाला जेवढी गंमत वाटत असेल तेवढी मला वाटली नाही. कूर्म आपल्या घरचा. देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव असतंच, आणि त्याला हात लावून तो कपाळाला लावायचा हे आपण चालायला लागल्यापासून करत आलोय. गंमत वाटली ती पुढे. आपल्या कूर्मावतारानं मंदार पर्वत पाठीवर पेलला. या ओमला उताणं पडल्यावर सुलटंसुद्धा होता येत नाही. (नाव ओम असलं तरी आपल्या ओंकाराशी त्याचा संबंध नाही. कुणी भावना दुखवून घेऊ नयेत.)

ओमची ही दशा का झाली? या जगात देव श्रद्धेवर जगतात, तेवढाच त्यांचा शिधा. हजारो लोकांनी मनापासून मानलं की देव डोंगराएवढा होतो. मानणारे कमी झाले की आक्रसत जातो. आणि कुणीच मानेनासं झालं की तो वाऱ्यावरचा एक क्षीण आवाज होऊन उरतो, वाळवंटात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानाशी लागून ‘मला मान, मला मान’ असं पुटपुटणारा. ओमचं ऑम्निया हे राज्य तर पुरतं धर्मराज्य. प्रचंड मठ-किल्ला, लाखो यात्रेकरू, पुरोहितांच्या पायऱ्यांवर पायऱ्या, धर्मयुद्धं, छळघरं, सगळं ओमच्या नावानं चाललेलं. तरीही त्याला खरोखर मानणारा माणूस उरलाय तो एकच, हा खरबुजांच्या मळ्यातला ब्रुथा. बाकीचे मठाला मानतात, रिवाजाला मानतात, आणि सर्वांत जास्त मानतात धर्मछळ खात्याला. देवाच्या नावानं उभं राहिलेलं यंत्र देवापेक्षा जास्त खरं झालं, त्यामुळे आतला देव वाळून गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला तळटीप लागत नाही. रस्त्याकडेला एखादा दगड असतो. कुणीतरी त्याला शेंदूर फासतं. महिन्याभरात नारळ फुटू लागतात, वर्षात पत्रा चढतो, पाच वर्षांत फरशी आणि दानपेटी. मग कुणीतरी सांगतं, ‘जागृत स्थान आहे.’ आणि उलटही होतं. ज्या म्हसोबाला अख्खं गाव वचकून होतं, त्याच्या अंगावरून रस्ता रुंद होतो आणि पुढच्या पिढीला त्याचं नावही ठाऊक नसतं. दा. ध. कोसंबी पुण्याच्या परिसरातली आयांची, तुकाईची, बोल्हाईची ठाणी पायी फिरून पाहत, आणि त्यातून 1962 साली त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ आलं. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये (1984) विठ्ठलाचा माग काढत गवळी-धनगरांच्या देवापर्यंत, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बीरप्पापर्यंत आपल्याला नेलं. धनगरांचा देव अवघ्या महाराष्ट्राचा कसा झाला, हा ढेऱ्यांचा विषय. तशीच वाट प्रॅचेट एका परिच्छेदात चालून जातो, हसत हसत. ओमला पहिला भक्त मिळाला तो हरवलेलं मेंढरू शोधणारा एक मेंढपाळ. आणि लेखक मध्येच थांबून म्हणतो, की त्या दिवशी मेंढपाळाऐवजी शेळीपाळ भेटला असता तर धर्माचा इतिहास निराळा झाला असता. कारण मेंढरं बावळट, ती हाकावी लागतात, आणि शेळ्या हुशार, त्यांना पुढे होऊन वाट दाखवावी लागते. विनोद एवढाच. पण पुढची शेकडो वर्षं, ती धर्मयुद्धं, तो धाक, सगळं त्या हाकण्यातून आलं, हे तिथेच सांगून झालंय.

मला वाटतं, या पुस्तकावर ‘धर्माची टिंगल’ असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांनी ते अर्धंच वाचलेलं असावं. प्रॅचेटला देवाची टिंगल करण्यात फारसा रस नाही. त्याला राग आहे, आणि तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याचा मित्र नील गेमन, ज्याच्याबरोबर त्यानं 1990 साली ‘गुड ओमेन्स’ लिहिलं, त्यानं लिहून ठेवलंय की टेरीला लोक आनंदी, मिश्कील म्हातारा समजतात, पण आत तो संतापलेला माणूस होता आणि त्याचं लिखाण त्या संतापावर चालायचं. हे वाचल्यावर ‘स्मॉल गॉड्स’मधल्या प्रत्येक विनोदाखाली हात घालून बघावंसं वाटतं. खाली ऊब असते. मूळचा हा माणूस वार्ताहर. बकिंगहॅमशरमधल्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याची उमेदवारी झाली. पुढे सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाला, आणि त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं आली. काही गंभीर घडलेलं नाही असं वर्तमानपत्रांना पटवून देणं ही ज्याची रोजची नोकरी, त्याला यंत्रणा कशी बोलते, कशी गप्प बसते आणि हसतमुखानं कसं काहीही खपवते, हे कुठल्या ग्रंथातून शिकावं लागत नाही.

त्याचा पुरावा तळघरात आहे. ऑम्नियाच्या मठाखाली धर्मछळाचं खातं चालतं. इथे कुठलाही दुसरा लेखक आपल्याला किंकाळ्या ऐकवेल, मशालींचा उजेड दाखवेल, राक्षसी चेहऱ्याची माणसं उभी करेल. प्रॅचेट आपल्याला भिंतीवर टाचलेली चित्रं दाखवतो. छळ करणाऱ्यांच्या कामाच्या जागी कुणी कुठून आणलेली यात्रेची आठवण आहे, आणि मुलाबाळांनी बाबांना दिलेला, ‘जगातल्या सर्वांत चांगल्या बाबांना’ अशा मजकुराचा मग आहे. कामगारांना दिवसातून दोनदा कॉफीची सुट्टी. ज्या भट्टीत छळाची हत्यारं तापतात तिच्याच कडेला किटलीही तापत असते. तो मग वाचून मी आधी हसलो. मग पुस्तक मांडीवर उपडं घातलं. दुष्ट माणसं दुष्ट कामं करतात, यात भिण्यासारखं फार नाही, ती ओळखू येतात. पाच वाजता डबा घेऊन घरी जाणारी, मुलांचा अभ्यास घेणारी माणसं खाली तळघरात काय करतात, ते त्या एका मगातून कळतं. हा मजकूर गंभीर चेहऱ्यानं लिहिला असता तर उपदेश झाला असता, आणि उपदेश आपण ऐकून सोडून देतो. हसल्यामुळे आपला हात त्या मगाला लागलेला असतो.

या खात्याचा मुख्य व्हॉर्बिस. प्रॅचेटनं रंगवलेल्या खलपुरुषांत मला याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. तो लोभी नाही, लंपट नाही, ओरडत नाही, सूड घेत नाही. त्याला काही वाटतच नाही. बागेत चालता चालता त्याला एक कासव दिसतं. तो ते उताणं करतो आणि ते डुलत डुलत सुलटं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना खडे लावतो. उन्हात ते किती वेळ तग धरतं हे त्याला फक्त बघायचंय. राग नाही, मजाही नाही. ते कासव म्हणजे ज्याच्या नावानं आपण राज्य चालवतो तो देव, हे त्याला ठाऊक नाही; आणि ठाऊक असतं तरी खडे काढले असते का, याची मला खात्री नाही. ओम त्याच्या मनात डोकावायचा प्रयत्न करतो तेव्हा त्याला आत शिरायला फटच सापडत नाही. सगळीकडून बंद, टणक गोळा. आतले विचार आतल्याच भिंतींवर आपटून परत येतात, आणि त्या आवाजाला हा गृहस्थ देवाचा आवाज समजतो. नास्तिक परवडला, असं ओमला वाटायला लागतं. किंबहुना कादंबरीत सिमनी नावाचा एक कडवा नास्तिक सार्जंट आहे, त्याच्यावर ओमचा जीवच जडतो. कारण हा माणूस देव नाही, देव नाही, म्हणत अष्टौप्रहर देवाचाच विचार करतो. एवढी निष्ठा मठात कुणाकडे आहे?

आता माझ्या आजीबद्दल सांगायला हवं. तिच्या देव्हाऱ्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण, एक झिजलेली अन्नपूर्णा आणि एक गणपती अशी तीन मंडळी होती. घरात काही अडलं, कुणाचं आजारपण, कुणाची परीक्षा, की ती गणपतीला उचलून ताम्हणातल्या पाण्यात ठेवायची. ‘बस आता असाच. काम झालं की काढते.’ हे ती मोठ्यानं म्हणायची, आणि तिच्या आवाजात भक्ती शोधावी लागायची. ऐकू यायची ती दटावणी. काम झालं की त्याला पुसून, गंध लावून, गूळखोबऱ्याची वाटी पुढे ठेवून त्याची समजूत काढायची. ‘राग आला का रे?’ पुढे एकदा तिला एका प्रसिद्ध देवस्थानी नेलं. पासाची रांग, विनापासाची रांग, लोखंडी कठडे, ‘चला, चला, पुढे चला’ म्हणत पाठीत हात घालणारा माणूस. अर्धा सेकंद दर्शन. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘त्याला बोलायला सवड कुठंय.’ घरी येऊन तिनं बाळकृष्णाला जरा जास्त वेळ आंघोळ घातली. ‘स्मॉल गॉड्स’ मी वाचलं तेव्हा ती नव्हती. असती तर ओमची कर्मकहाणी मी तिला सांगितली असती, आणि तिनं एकच विचारलं असतं: कासवाला खायला काय घालायचा तो पोरगा?

हा प्रश्न पुस्तकाच्या गाभ्याचा आहे. ब्रुथा देवाला टोपलीत घालून हिंडतो, आणि तेवढ्यात त्याला खरा धक्का बसतो. ब्रुथाला लिहायला-वाचायला येत नाही, पण एकदा पाहिलेलं, ऐकलेलं तो कधीच विसरत नाही. सगळ्या प्रेषितांचे सगळे ग्रंथ त्याला अध्याय-ओवीसकट मुखोद्गत. तो भक्तिभावानं एकेक आज्ञा म्हणून दाखवतो: हे तू अमक्या प्रेषिताला डोंगरावर सांगितलंस, हे तमक्याला वाळवंटात. आणि कासव दर वेळी म्हणतं, मी नाही बुवा. असं कधी बोललो? कोण हा प्रेषित? देवाला आपल्या ग्रंथातलं काहीच आठवत नाही, कारण त्यानं ते सांगितलेलंच नाही. लिहिणाऱ्यांनी आपल्या मनातलं लिहिलं आणि खाली देवाची सही ठोकली. हा संवाद प्रॅचेटनं असा रंगवलाय, की आपल्या तमाशातल्या गवळणीतली मावशी आणि कृष्ण आठवावेत. देवाला तोंडावर बोलायची, त्याची पत काढायची आणि तरी त्याला सोडून न जायची रीत आपल्याकडे मुरलेली आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्याच्याकडून दळणही दळून घेते. त्यामुळे या प्रसंगात अनेकांना जी पाखंडाची चव लागते ती मला लागली नाही. मला लागली ती ब्रुथाची पंचाईत. ज्या शब्दांवर आयुष्य बेतलं, ते बोलणाऱ्यानंच नाकारले. आता काय करायचं? दुसरा कुणी असता तर देव टाकला असता किंवा कासव टाकलं असतं. ब्रुथा दोन्ही टाकत नाही. तो विचार करायला लागतो. हळूहळू, कुरकुरत, पहिल्यांदाच.

मग व्हॉर्बिस ब्रुथाला सोबत घेऊन एफिबी या नगरराज्यात जातो. मधला भाग तिथे घडतो आणि इथे पुस्तक थोडं सैल पडतं, असं माझं मत. एफिबी म्हणजे सरळसरळ प्राचीन ग्रीस: गल्लोगल्ली तत्त्ववेत्ते, अंघोळीच्या टबातून ओला बाहेर धावणारा कुणी, कासव आणि बाणाच्या शर्यती. ओळखीचे विनोद आहेत, आणि प्रॅचेट त्यांच्यात जरा जास्त रमतो. वाफेवर चालणाऱ्या यंत्राचं प्रकरणही मला लांबलेलं वाटतं. पण त्याच एफिबीत पिंपात राहणारा आंधळा डिडॅक्टिलॉस भेटतो, आणि त्याच्यासाठी मी बाकीचं सगळं माफ करतो. ऑम्नियाचा धर्म सांगतो, जग गोल आहे. डिडॅक्टिलॉसनं ग्रंथ लिहिलाय, की जग चपटं आहे आणि कासवाच्या पाठीवर आहे, आणि या विश्वात ते खरंच तसं आहे. गॅलिलिओची गोष्ट प्रॅचेटनं अशी उलटी टांगलीय. 1633 साली रोममध्ये म्हाताऱ्या गॅलिलिओला गुडघ्यावर बसून आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. इथे व्हॉर्बिस म्हाताऱ्याला माघार घ्यायला सांगतो आणि म्हातारा चटकन कबूल होतो. गोल तर गोल, तुम्ही म्हणाल तसं. आपण चाट पडतो, सिमनीसारखे तरुण चेले तर हबकतात. म्हातारा जायला वळतो आणि हातातला कंदील व्हॉर्बिसवर नेम धरून भिरकावतो. आंधळा, आणि नेम अचूक.

पुढे एफिबीचं ग्रंथालय जळतं. आग पोचण्याआधी ब्रुथा एकेक गुंडाळी डोळ्यांसमोरून सरकवत जातो. अक्षरओळख नाही, त्यामुळे त्याला दिसतात ती नुसती चित्रं, पण ती त्याच्या डोक्यात जशीच्या तशी राहतात. अडाणी माणसाच्या डोक्यात अख्खं ग्रंथालय वाचतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, आणि ती तरली ती लोकांच्या मुखात, असा त्या कथेचा अर्थ आपल्याकडे अनेकांनी लावलाय. ते वाचलेल्या माणसाला हा प्रसंग परका वाटणार नाही. प्रॅचेट मात्र इथे थांबत नाही. न कळता साठवलेले ते शब्द वाळवंटात ब्रुथाच्या डोक्यात आपोआप उलगडायला लागतात, आणि कालचा बागेतला पोरगा भूमिती आणि राजनीती बोलायला लागतो, स्वतःच दचकत.

वाळवंटाचा भाग हा या कादंबरीचा कळस. एफिबीतून परतताना जहाज फुटतं, ब्रुथा किनाऱ्याला लागतो, सोबत कासव आणि बेशुद्ध व्हॉर्बिस. कासवाचं म्हणणं स्वच्छ: त्या माणसाला इथेच टाक. तो शुद्धीवर आला तर तुला मारेल, मलाही. हिशेबानं देवाचं बरोबर. ब्रुथा व्हॉर्बिसला खांद्यावर घेतो आणि चालायला लागतो. पाणी नाही, सावली नाही, चहूबाजूंनी विसरलेल्या देवांची कुजबुज. त्या भणंग देवांना बघून ओमला पहिल्यांदा आपलं भवितव्य दिसतं, आणि तो जाम टरकतो. त्याच्या शिव्या कमी होतात. ब्रुथा मेला तर आपण संपलो, हा सुरुवातीचा स्वार्थ. पण चालता चालता केव्हा तरी त्याची जागा काळजी घेते. नक्की कुठल्या पानावर, ते मला दोनदा शोधूनही सापडलं नाही, आणि लेखकाची करामत हीच. भक्तामुळे देवाला माणुसकी येते, ही या पुस्तकातली मोठी उलथापालथ. ती विनोदाच्या आडून आल्यामुळे भाबडी होत नाही. आणि ब्रुथाच्या चांगुलपणाचं फळ? वाळवंट संपता संपता व्हॉर्बिस उठतो, ब्रुथाच्या डोक्यात दगड घालतो, आणि आपणच याला वाचवून आणलं असं दाखवत शहरात शिरतो. लोक त्याला प्रेषित म्हणतात. प्रॅचेट एवढा कडवट क्वचितच होतो.

शेवट सांगू नये असा संकेत आहे. पण या पुस्तकाची खरी मजा काय होतं यात नसून कसं होतं यात आहे, तेव्हा थोडं सांगतो. व्हॉर्बिसचा निकाल कासव आणि गरुड मिळून लावतात. सुरुवातीच्या पानांवर पेरलेलं बी तिथे उगवतं. हजारोंच्या समोर घडल्यामुळे एका क्षणात ओमला हजारो भक्त मिळतात, तो आभाळाएवढा होतो, आणि मोठं झाल्याबरोबर पहिलं काय करतो, तर आज्ञा द्यायला बघतो. जित्याची खोड. ब्रुथा त्याला अडवतो. नियम करायचे तर ते देवालाही लागू होतील, हे त्याचं म्हणणं. देवाशी घासाघीस करणारा हा भक्त मला अलीकडच्या इंग्रजी कादंबरीतल्या पुष्कळ विद्रोही नायकांपेक्षा धाडसी वाटतो. विद्रोही लोक निघून जातात, हा थांबून वाद घालतो. ऑम्निया आणि तिच्यावर चालून आलेली राज्यं यांच्यातलं युद्ध थांबवण्यासाठी पुढे देवलोकात होणारी मारामारी मात्र घाईत उरकलीय. एवढी मोठी लढाई, आणि आपल्याला तिची दूरची धूळ दिसते.

एक तक्रार मी सोडणार नाही. या कादंबरीत बाई जवळजवळ नाहीच. ब्रुथाची आजी आहे, पण ती त्याच्या आठवणीत, कडक, धर्मवेडी, छडी हातात घेतलेली. ग्रॅनी वेदरवॅक्ससारखी अस्सल म्हातारी आणि टिफनी एकिंगसारखी धीट मुलगी जन्माला घालणारा लेखक इथे अख्खा धर्म, अख्खं तत्त्वज्ञान आणि अख्खं युद्ध पुरुषांच्या हाती देऊन मोकळा होतो. मठातलं जग तसंच असतं, हे खरं. पण घरातला देव सांभाळणारी, त्याला दटावणारी, भुकेची वेळ पाळणारी माणसं जगभर बहुतेक बायकाच असतात, आणि देव लहान असतो तेव्हा तो त्यांच्याच जिवावर तगतो. ओमला ब्रुथाआधी ब्रुथाच्या आजीनं सांभाळलं असतं, आणि छडी न उगारता सांभाळलं असतं, तर मला हे पुस्तक अधिक खरं वाटलं असतं.

शेवटची काही पानं शंभर वर्षांनंतरची. ब्रुथा मरतो. मेल्यावर प्रत्येकाला एक काळं वाळवंट एकट्यानं ओलांडायचं असतं. तिथे कडेला एक आकृती बसलेली दिसते. व्हॉर्बिस. शंभर वर्षं तो जागचा हललेला नाही. कारण आयुष्यभर ज्याला देवाचा आवाज समजला, तो आपलाच होता, हे इथे आल्यावर त्याला कळलं आणि एकटं चालायचं धैर्य संपलं. मृत्यू ब्रुथाला आठवण करून देतो, हा कोण होता, यानं काय काय केलं. वाचकाला हेही आठवतं, की ब्रुथाला आठवण करून द्यायची गरजच नाही. तो काहीच विसरत नाही. दगड, आग, ते तळघर, सगळं त्याच्यासमोर आत्ता घडल्यासारखं स्वच्छ आहे. आपण क्षमा करतो ती बहुधा थोडं विसरून, निदान धार बोथट झाल्यावर. याला ती सोय नाही. तो व्हॉर्बिसचा हात धरतो आणि त्याला घेऊन चालायला लागतो. पूर्वी एकदा असंच एक वाळवंट त्यानं या माणसाला घेऊन पार केलेलं असतं, आणि त्याचं काय झालं तेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

विसरणं ज्याला जमतच नाही असा माणूस लिहिणाऱ्या प्रॅचेटनं 2007च्या डिसेंबरात आपल्याला अल्झायमरचा एक विरळा प्रकार झाल्याचं जाहीर केलं. त्याची अक्षरांवरची नजर आधी गेली. टंकता येईना, तसा तो तोंडी सांगून पुस्तकं लिहू लागला. या आजारावरच्या संशोधनासाठी त्यानं दहा लाख डॉलर दिले. 12 मार्च 2015 रोजी, वयाच्या 66व्या वर्षी तो गेला. अपुरं लिखाण कुणी पुरं करू नये अशी त्याची इच्छा होती, म्हणून 2017 साली त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. हा प्रसंग कादंबरीत असता तर अतिरंजित वाटला असता.

मालिका 41 पुस्तकांची आहे म्हणून बिचकू नका, आणि क्रमानं वाचायचा हट्टही धरू नका. पहिली दोन पुस्तकं त्या मानानं कच्ची आहेत. ‘स्मॉल गॉड्स’ला आगापीछा नाही, ते सुटं वाचता येतं. त्यात प्रकरणं पाडलेली नाहीत, तेव्हा रात्री झोपताना ‘एवढं प्रकरण संपवतो’ असं म्हणून हातात घेऊ नका. आणि तळटीपा सोडू नका. निम्मा प्रॅचेट तिथेच आहे.